लाइट गेली आणि पीसी ऐकू आला

मे महिन्यातली दुपार, लाइट गेली. सीलिंग फॅन बंद, फ्रिज बंद, शेजारच्यांचा कूलर बंद, आणि यूपीएसवर एकटा माझा पीसी चालू. बापरे, म्हणलं हा एवढा घरघरतो? मी घरीच पॉडकास्ट रेकॉर्ड करतो, तेव्हा पंखा बंदच असतो, म्हणजे ही घरघर माइकमध्ये जातच होती आणि मी नॉइज रिडक्शन लावून तिच्यावर पांघरूण घालत होतो, मग आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा आणि मी दोष द्यायचो माइकला.

केसचे, म्हणजे पीसीच्या बाहेरच्या डब्याचे पंखे एकेक वायर काढून बघितले, फरक शून्य. चोर निघालं जुनं सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड, १८५ वॅटचं.

आता नवीन घ्यायचं म्हणल्यावर मीही आधी सगळ्यांसारखा पंखेच बघत बसलो, कुणाचे दोन, कुणाचे तीन, कुणाचे कसले बेअरिंग. पण पंखा हा नंतरचा भाग झाला हो. कार्ड जेवढे वॅट खातं तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर येते, आणि ती बाहेर काढायलाच पंखा पळतो. म्हणून आधी वॅट बघायचे आणि मग त्या वॅटच्या मानाने हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, किती मोठा आहे ते. एनव्हीडियाचं आरटीएक्स ३०६० म्हणजे १७० वॅट, ४०६० म्हणजे ११५, नवीन ५०६० परत १४५ वर गेलं. एएमडीचं आरएक्स ६६०० हे १३२ चं आहे, तेही वाईट नाही, पण मला एडिटिंगसाठी एनव्हीडियाच हवं होतं.

बिनपंख्याचं कार्डपण मनात होतं. पॅलिटचं काल्मएक्स म्हणून ३०५० चं ६ जीबी मॉडेल आहे, ७० वॅट, नुसता हीटसिंक, वेगळी पॉवर केबलसुद्धा लागत नाही. भारी वाटतं, पण माझ्या खोलीत उन्हाळ्यात ३६-३७ डिग्री असतं, त्यात एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल बनवायला, म्हणजे रेंडरला, तासभर लावलं तर केसचे पंखे जोरात फिरवावे लागणार, मग काय उपयोग? शिवाय एव्ही१ एन्कोडिंग, म्हणजे त्या नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ बनवायची सोय, त्यात नाही, ४०६० मध्ये आहे.

मग मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला गेलो. ४०६० चं तीन पंख्यांवालं मोठं मॉडेल मागितलं तर दुकानदार म्हणाला, "साहेब, एवढ्याशा चिपला एवढा कूलर फुकट आहे, अजून थोडे टाका, वरचं मॉडेल येईल." त्याचं गेमिंगच्या हिशोबाने बरोबरच होतं. मी म्हणलं, "अहो मला फास्ट नको, गप्प पाहिजे." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी किराणा दुकानात सोनं मागतोय. पण मला तोच फुकटचा कूलर हवा होता! छोटी चिप, मोठा हीटसिंक, पंखे आरामात फिरणार. फक्त जाताना केस टेपने मोजून जा, ही कार्डं तीस सेंटीमीटरच्या आसपास जातात.

घरी आणल्यावर दोन गोष्टींनी डोकं खाल्लं. एक म्हणजे झिरो आरपीएम. कार्ड गार असताना पंखे पूर्ण थांबतात, ऐकायला छान, पण उन्हाळ्यात ते बरोबर काठावर असायचं, पंखे सुरू, बंद, परत सुरू. एकसारखी हलकी गुणगुण कान विसरतो, हे चालू-बंद नाही विसरत. आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापल्यावर पंखा किती फिरायचा ते, बदलून पंखे कायम कमी स्पीडवर फिरते ठेवले, संपलं. पॉवर लिमिटही ८० टक्के केलं, म्हणजे साधारण ९२ वॅट, रेंडरला किंचित जास्त वेळ लागतो, मला चालतंय.

दुसरी कॉइल व्हाइन. ही पंख्याची नाहीच, कार्डावरच्या कॉइलमधून करंट झपाझप बदलत जातो तेव्हा त्या थरथरतात आणि बारीक किर्रर्र येते. गेमच्या मेन्यूत फुकटचे शेकडो एफपीएस (सेकंदाला फ्रेम्स) चालू असतात तेव्हा जास्त. ६० ला कॅप लावली की माझ्याकडे तरी जवळजवळ गेली. हे मात्र नशिबावर आहे, त्याच मॉडेलचा एक नग किरकिरेल आणि दुसरा नाही, म्हणून रिटर्न पॉलिसी आधी विचारून ठेवा.

आणि ते आतून फोम लावलेले बंद सायलेंट केस, मी घेतला होता आधी, काढून टाकला. हवाच आत जात नाही, कार्ड तापतं आणि पंखे ओरडतात. जाळीवाला घेतला, पुढे दोन १४० एमएमचे पंखे हळू फिरवले, त्यात आवाज कमी आहे. धूळ मात्र खातो, महिन्यातून एकदा फिल्टर धुवावा लागतो.

परवा रेकॉर्डिंग ऐकलं तर घरघर गेलीये, पण आता मागून कुरकुर येतेय. जुनी साडेतीन इंची हार्डडिस्क. एवढे दिवस कार्डाच्या आवाजात लपली होती ती.