साखर काय झाकते आहे, ते आधी बघा

घरातली साखर मोजायची तर किराणा मालाची यादी काढा. महिन्याला साखर आणि गूळ मिळून किती किलो संपतो, त्याला घरातल्या माणसांनी भागा आणि मग ३० ने. चौघांच्या घरात ३ किलो साखर आणि १ किलो गूळ लागत असेल, तर माणशी रोज ३३ ग्रॅम झाले. बिस्किटं, जॅम, सॉस, बाहेरचा चहा यात धरलेलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेली मर्यादा अशी: वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी म्हणजे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम. अख्ख्या फळातली साखर यात येत नाही. गूळ, मध आणि फळांचा रस मात्र येतात. गुळाचा चहा म्हणजे बिनसाखरेचा चहा नव्हे.

साखर नुसती कमी केली की चार दिवसांत डबा परत उघडतो. बऱ्याच पदार्थांत साखर गोडीसाठी नसतेच. ती कशावर तरी पांघरूण घालत असते. ते कारण काढलं की साखर आपोआप कमी लागते.

चहाचंच बघा. सपाट चमचा म्हणजे ४ ग्रॅम, शिगेचा चमचा ६-७ ग्रॅम. कपाला दोन सपाट चमचे घालून दिवसाला तीन कप घेतले तर २४ ग्रॅम तिथेच संपले. पण साखर कमी केली की चहा कडू, तुरट लागतो, कारण पावडर पाच-सात मिनिटं खळाखळा उकळलेली असते आणि तो तुरटपणा आजवर साखरेने झाकलेला असतो. म्हणून आधी उकळणं बदला. चार कपांसाठी ३०० मिली पाणी, ठेचलेलं आलं, गवती चहाची दोन पाती, असं तीन मिनिटं उकळा. मग पावडरचे तीन सपाट चमचे घाला, अर्ध्या मिनिटात गॅस बंद करा, दोन मिनिटं झाकण ठेवा. वेगळं गरम केलेलं २०० मिली दूध ओतून गाळा. दूध कोमट असेल तर चहा निवतो, मग लोक तो पुन्हा उकळतात आणि कडूपणा परत येतो.

आता साखर उतरवा. डब्यात एकच चमचा ठेवा आणि तो बोटाने सपाट करूनच घ्या. चार कपांच्या चहाला आठ चमचे लागत असतील तर दर आठवड्याला पूर्ण भांड्यातून एक चमचा कमी करा. एका कपामागे तो फरक १ ग्रॅमचा, जिभेला फारसा कळत नाही. पाच आठवड्यांत तीन चमच्यांवर येता. एकदम निम्मी केली तर घरातलं कुणीतरी वरून घालून घेतंच, आणि वरून घातलेली साखर हमखास शिगेची असते.

कोशिंबिरीत साखर पडते ती दही आंबट म्हणून. अर्ध्या लिटर कोमट दुधाला एक चमचा विरजण लावा. उन्हाळ्यात चार-पाच तासांत कवडी पडली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर ओट्यावर राहिलेलं दही आंबटढाण होतं आणि मग चमचाभर साखर मागतं. ताज्या दह्यात काकडी, ओलं खोबरं, दाण्याचं कूट घातलं की काही उणं वाटत नाही.

आमटीत गूळ चिंचेच्या मागे येतो. नुसता गूळ कमी केला तर आमटी आंबट होते, म्हणून दोन्ही एकत्र उतरवा: वाटीभर तूरडाळीला लिंबाएवढ्या चिंचेऐवजी सुपारीएवढी चिंच घ्या, की गूळही निम्मा पुरतो. चिंचेऐवजी शेवटच्या उकळीला तीन-चार आमसुलंही चालतात.

बाहेरच्या पाकिटांवर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तीनांत साखर, ग्लुकोज सिरप किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, साखरेसारखीच झटकन पचणारी पूड) दिसलं तर ते पाकीट रोजच्या खाण्याचं नाही, मग पुढच्या बाजूला काहीही छापलेलं असो. थंड पेयाची एक गोष्ट लक्षात ठेवा: गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून त्यात साखर जास्त घालावी लागते. ३०० मिली कोल्यात ३० ग्रॅमच्या वर साखर असते. तोच कोला कोमट पिऊन बघा, घशाखाली उतरत नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर उतरवण्याआधी डॉक्टरांशी बोला. डोस तसाच राहिला तर रक्तातली साखर खाली जाऊ शकते.

काही ठिकाणी मात्र हात लावू नका. रव्याचे लाडू पाकावर वळतात. साखर कमी केली तर ते फुटतात. मुरांब्यात आणि लिंबाच्या गोड लोणच्यात साखरच टिकवण्याचं काम करते. ती निम्मी केली की बरणीत फेस येतो आणि बुरशी धरते. हे पदार्थ पूर्ण साखरेचेच करा, लाडू लिंबाएवढे वळा आणि मुरांबा वाढायला चहाचा चमचा ठेवा.