तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच सीपीयूत एक्सपी आणि इलेव्हन

इंदुरात रामबागेत माझं घरगुती डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, गणपतीच्या आधी मंडळांच्या स्मरणिका, अधूनमधून एखादा कुलवृत्तांत. प्रूफ बघायला आलेल्या माणसाची नजर सीपीयू सुरू होताना स्क्रीनवर गेली की प्रश्न ठरलेला. यात विंडोज एक्सपीही आहे आणि विंडोज इलेव्हनही, हे कसं काय? आणि मुळात कशाला? "काका, एक नवा घेऊन टाका ना," हा सल्ला वर फुकट. पुण्याचा भाचा तर म्हणाला, "मामा, हा केंद्रीय संग्रहालयात देऊन टाका, होळकरांच्या नाण्यांशेजारी."

तर विचारलंत म्हणून सांगतो. माझ्याकडे दोन तऱ्हांची मराठी येते आणि त्या दोघींचं एकमेकींशी जमत नाही. एकीला एक्सपी लागतं, दुसरीला इलेव्हन.

तुम्ही मोबाइलवर टाइप करून पाठवता तो मजकूर युनिकोडमधला. त्यातला 'भ' कुठल्याही मशीनवर 'भ'च असतो. पण त्याआधी आम्ही वर्षानुवर्षं जे सेटिंग केलं, त्यात 'भ' नव्हताच. फाइलमध्ये होती ती इंग्रजी अक्षरं, देवनागरीचा वेष त्यांना फॉन्टने चढवलेला. इंदुरात हिंदीची कामं कृतीदेवमध्ये व्हायची, मराठीची दुसऱ्या एका फॉन्ट-पॅकेजमध्ये, पण गोम तीच. कृतीदेवमध्ये 'भारत' हा शब्द एच, के, के, जे, आर असा पडलेला असतो. फॉन्ट काढून घेतला की नागडी इंग्रजी अक्षरं उरतात.

भाच्याला हे पटेना. म्हणून त्याला जुन्या स्मरणिकेची पीडीएफ उघडून दिली. दिसायला स्वच्छ देवनागरी, कारण फॉन्ट पीडीएफमध्येच बसवलेला. म्हटलं, यात 'अध्यक्ष' शोध. सापडला नाही. मग म्हटलं, पहिली ओळ कॉपी करून स्वतःला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. फोनवर जे उमटलं ते बघून तो म्हणाला, "हा कुणाचा पासवर्ड आहे?"

कन्व्हर्टर आहेत, हे मलाही माहीत आहे, मीही वापरतो. पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. हुशार कन्व्हर्टर ही उलटापालट बरोबर करतो, साधा असेल तर वेलांटी पुढच्या एकाच तुकड्याला चिकटवून मोकळा होतो. मग 'स्थिती'चं 'सि्थती' होतं आणि 'सूर्यकांत'चं 'सूयर्कांत'. बातमीत हे खपून जातं, रोज खपतं. कुलवृत्तांतात कसं खपेल? तिथे पानोपानी नावंच. पणजोबांचा रफार शेजारच्या अक्षरावर गेला तर ते घराणं पुन्हा माझ्या दारात उभं राहणार नाही. म्हणून रूपांतर झालं की मूळ पान जसं छापलं होतं तसं समोर ठेवून ताडून बघावं लागतं. मूळ पान पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ सालची, तीच शेवटची, आणि युनिकोड तिच्या गावीही नाही.

पेजमेकर पुढच्या विंडोजवरही ओढूनताणून चालवणारे लोक आहेत. माझी अडचण फॉन्ट-पॅकेजच्या लॉकची. नव्या मुलांसाठी सांगतो: पूर्वी महाग सॉफ्टवेअरबरोबर काड्यापेटीएवढी एक डबी यायची. ती सीपीयूच्या मागे, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या एलपीटी पोर्टला लावायची. हाच तो लॉक: डबी नसेल तर पॅकेज उघडायचं नाही. त्या डबीचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती ओळखून देणारा प्रोग्राम, ३२ बिटचा, जुन्या धाटणीचा. ६४ बिटची विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर घेतच नाही आणि इलेव्हन फक्त ६४ बिटमध्येच येते. म्हणजे तो दरवाजा कायमचा बंद. यूएसबीतून एलपीटी करणारी केबल बाजारात मिळते, पण ती प्रिंटरपुरती. लॉकला तिचा उपयोग नाही. नव्या मदरबोर्डात एलपीटीचं कार्ड घालून बघा म्हणतात. जुने लॉक पोर्टला ३७८ या ठरलेल्या पत्त्यावर शोधतात आणि कार्डाला मिळतो भलताच पत्ता. माझ्या बोर्डावर एलपीटी जन्मजात आहे. हा सीपीयू टिकवायचं खरं कारण हे एवढंच, प्रेम वगैरे काही नाही. एक्सपीचा तो हिरवा माळ बघून लोक हळवे होतात, मला तो बघितला की फक्त पेंडिंग काम आठवतं.

इलेव्हनमध्येच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरचा खोटा संगणक, करून आत एक्सपी चालवा, असंही सुचवतात. लॉक नसलेल्या कामाला मीही तेच सांगेन, त्यात झंझट कमी. पण लॉक असा आतपर्यंत पोचवणं भरवशाचं नाही. ऐन छपाईच्या आदल्या रात्री त्याने मान टाकली तर प्रेसवाल्याला काय सांगणार?

आता 'कसं काय' याकडे येतो, कारण अर्धे लोक खरं तर तेवढ्यासाठीच विचारतात.

दोन्ही विंडोज एका डिस्कवर ठेवू नका. जुनी विंडोज नंतर टाकली तर ती नव्या विंडोजची सुरुवात पुसून टाकते, हे पुष्कळांना माहीत असतं. एक्सपीची दुसरी खोड कमी लोकांना ठाऊक असते. एक्सपीनंतर आलेल्या व्हिस्टाचं किंवा त्यानंतरच्या विंडोजचं पार्टिशन एक्सपीला दिसलं की त्यावरचे रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघडल्यास मागे जायच्या जागा, ती उडवते. विचारत नाही, सांगत नाही. म्हणून माझ्याकडे एक्सपी जुन्या फिरत्या डिस्कवर आहे आणि इलेव्हन एसएसडीवर. फिरती अशासाठी की एक्सपीला एसएसडीची निगा राखता येत नाही, एसएसडीला पुसलेल्या जागा कळवणारा ट्रिम हा प्रकार तिच्या काळात नव्हता. इलेव्हनची डिस्क जीपीटी या पार्टिशन मांडायच्या नव्या पद्धतीने आखलेली आहे आणि ३२ बिट एक्सपीला जीपीटी वाचता येत नाही. लोक याला एक्सपीचा दोष म्हणतात. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी सोय आहे: जे दिसतच नाही त्याची ती मोडतोड काय करणार?

एक विंडोज टाकताना दुसऱ्या डिस्कची केबल काढून ठेवायची. नंतर दोन्ही केबल लावायच्या आणि चालू करताना बूट मेन्यूच्या कीने डिस्क निवडायची. दोघींना निवडीची एकच पाटी देणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण मला दोघींनी एकमेकींना ओळखूच नये असं वाटतं. देवाणघेवाणीला फिरत्या डिस्कवर दोघींना वाचता येणारं एक फॅट-३२ पार्टिशन ठेवलंय. एक्सपीतून पीडीएफ तिथे टाकायची, इलेव्हनमधून उचलायची आणि गिऱ्हाइकाला पाठवायची. इलेव्हनमधलं फास्ट स्टार्टअप मात्र आठवणीने बंद करा. ते चालू असलं तर शट डाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेली असते आणि तिला उघडी वाटणारी फाइल दुसरीकडून बदलली की घोळ होतो.

एक्सपीच्या मूळ सीडीत एएचसीआयचा, म्हणजे डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हर नाही. त्यामुळे अशा बोर्डावर सीडी टाकली की निळी स्क्रीन येते. तो ड्रायव्हर आधी एनलाइट नावाच्या सॉफ्टवेअरने सीडीत घालून नवी सीडी बनवावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं असतं.

इलेव्हनच्या बाजूने बघाल तर हा सीपीयू तिच्या पंगतीत बसतच नाही. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप हवी आणि इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर हवा. माझा आय-फाइव्ह दुसऱ्या पिढीचा. रुफस या सॉफ्टवेअरने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवताना ती तपासणी वगळता येते, तशीच ती टाकली आहे. महिन्याचे सुरक्षा अपडेट येतात, पण अशा मशीनवर ते येतच राहतील अशी मायक्रोसॉफ्टची हमी नाही. वर्षाची मोठी आवृत्ती आपणहून येत नाही, फाइल उतरवून स्वतः चढवावी लागते. आणि हेही कुठवर? २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या अंगभूत सूचना (प्रोसेसरला कळणारे हुकूम) असाव्याच लागतात. माझ्यात त्या आहेत म्हणून निभावलं. त्याआधीच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवाल्यांची गाडी तिथेच थांबली, तिथे रुफसचाही इलाज चालत नाही. मग विंडोज टेनवरच का राहिलो नाही? तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून.

एक्सपीचा तर ८ एप्रिल २०१४ लाच संपला. तिला मी इंटरनेट दाखवत नाही. नेटवर्क कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये बंद करून ठेवलंय आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह आधी इलेव्हनमध्ये तपासल्याशिवाय एक्सपीत लावत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा मायक्रोसॉफ्टला बंद पडलेल्या एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढावा लागला होता. एक्सपीवर बँकेचं काम करणारे लोक मी पाहिलेत. त्यांना हात जोडतो.

खर्चाचं विचाराल तर फार नाही. सिल्व्हर मॉलमध्ये केबल, सेल, एसएमपीएस सगळं मिळतं. सेलवरून आठवलं: जुन्या बोर्डावरचा तो बटणासारखा सेल संपला की फक्त तारीख जात नाही, बायोसमधली, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्राममधली, सगळी सेटिंग मूळपदाला जातात. डिस्कचं सॅटा सेटिंग एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेलं की इलेव्हन सुरू होत नाही. माणूस घाबरून फॉरमॅट मारतो. आधी सेल बदला, सेटिंग बघा. ज्यांच्याकडे तिसरं लिनक्सही आहे त्यांना घड्याळ साडेपाच तासांनी मागेपुढे दिसेल. ते सेलमुळे नव्हे. लिनक्स बोर्डावरचं घड्याळ ग्रीनिचचं समजतं आणि विंडोज आपलं. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की भागतं.

लॉक मेला की हा उद्योग संपेल, हे मला कळतं. म्हणून सध्या जुन्या फाइली एकेक करून युनिकोडमध्ये आणतोय, नावांची पानं आधी, जाहिरातींची शेवटी. तुमच्याकडेही घराण्याचा कुलवृत्तांत किंवा आजोबांच्या कवितांची फाइल पडून असेल तर आत्ताच आणा. येताना नुसती पेजमेकरची फाइल आणू नका. तिच्याबरोबर फॉन्टचं फोल्डर आणा, ते नसेल तर निदान फॉन्टचं नाव आणि छापलेली एक प्रत. सीडीवर असेल तर सीडीच आणा, सीडी ड्राइव्ह माझ्याकडे अजून आहे.