आईचं निदान: दोन दवाखाने, दोन निकाल

आई तोच तोच प्रश्न विचारू लागली होती, गॅसवरचं दूध विसरत होती. एकदा तर नागपूरच्या इतवारीतून घरची वाटच चुकली. मग तिला एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे एआयवाल्या टॅबलेटवर चाचणी झाली आणि कागद हातात आला: तीव्र स्मृतिभ्रंश.

आईचा जन्म गोळीबार चौकाजवळच्या मागांवर गेला, शाळेचं तोंड पाहिलं नाही. टॅबलेटने आजची तारीख विचारली. ती म्हणाली, "मारबत निंगून चार दिस झाले, आज ऋषिपंचमी हाय." मारबतीची मिरवणूक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते, म्हणजे उत्तर अगदी बरोबर, पण गुण शून्य, कारण त्याला आकडा आणि महिना हवा होता. तिचं 'मले', 'तुले' त्याच्या कानावरून गेलं. मग दोन पंचकोन काढायचे होते. जिने कधी पेन्सिल धरली नाही, तिने ती टॅबलेटची लेखणी मागावरच्या धोट्यासारखी आडवी धरली. एवढ्यावर 'तीव्र' लिहून मोकळे झाले, याचा मला आजही संताप येतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी कान तपासले, बी१२ आणि थायरॉईड पाहायला रक्त घेतलं. मला वेगळं बसवून विचारलं, दोन वर्षांपूर्वी आई काय काय करायची, त्यातलं आता काय सुटलं? वेळ इथेच सगळ्यात जास्त गेला, आणि तो जायलाच हवा होता. एआय त्यांनीही वापरलं, एमआरआयमधला हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, मोजायला. पण नुसत्या त्या आकड्यावर निकाल दिला नाही. अशी बरीच सॉफ्टवेअर एडीएनआय या अमेरिकेत २००४ साली सुरू झालेल्या अल्झायमरच्या अभ्यासाच्या माहितीवर शिकली आहेत, आणि त्यातली बहुतेक माणसं गोरी, भरपूर शिकलेली. निदान झालं: अल्झायमर, पण सुरुवातीचा.

याची उलट बाजूही आमच्याच गल्लीत आहे. शेजारचे निवृत्त मास्तर अशा चाचणीत जवळपास पैकीच्या पैकी गुण घेतात. घरी काकू सांगतात, विजेचं बिल दोनदा भरून येतात. शिकलेल्याचा आजार झाकला जातो, न शिकलेल्याचा फुगतो. आणि भारतात साठीपुढच्या ज्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, असल्याचा अंदाज लासी-डॅड या देशभरातल्या वयस्कांच्या अभ्यासाने मांडला, त्यांत प्रमाण जास्त आहे ते बायकांत आणि न शिकलेल्यांतच. म्हणजे ज्यांना यंत्राची खरी गरज, त्यांनाच ते ओळखत नाही.

म्हणून विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं एआयला शिकवण्यासाठी गोळा करणाऱ्यांनी विचारलं, तेव्हा आईला समजावून सांगून मी होकार दिला. आधी मात्र खात्री करून घेतली: आवाज कुठे ठेवणार, नाव काढणार का, उद्या नको म्हटलं तर पुसणार का? आई ताण्याबाण्याबद्दल, किनारीबद्दल भरभरून बोलली. फॉर्मवर शिक्षण आणि बोलीचा रकानाच नव्हता. 'शाळा नाही, वऱ्हाडी बोलते, विणकर' असं मी समासात लिहायला लावलं.