कंगोरे, खिडक्या आणि गोधडीतल्या घड्या

बाळाच्या दुपट्याच्या कडेला जे छोटे छोटे त्रिकोण असतात ना, कंगोरे, ते त्रिकोण कापून लावलेले नसतात हे खूप जणींच्या लक्षातच येत नाही. चौकोन असतो तो. अख्खा चौकोन, दोनदा तिरपा दुमडलेला, म्हणून तर त्याला बाहेरून एकही कच्ची कड दिसत नाही, दोरे सुटत नाहीत आणि चार पदर असल्यामुळे तो ताठ राहतो. मला हे सगळं प्रकरण इतकं आवडायला लागलंय की हल्ली मी जे काही शिवते त्यात कुठे ना कुठे दुमडलेलं कापड असतंच, आणि मैत्रिणी विचारत राहतात की हे कसं केलंस, म्हणून म्हटलं एकदा नीट सगळं लिहूनच काढू.

एक गोष्ट आधीच सांगते. घडी गोधडीत काम करते, खरंखुरं काम. ती कड बंद करते, जाडी देते, सपाट कापडाला गोलाई आणते. आणि ती कशी बसणार हे कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यावर ठरतं, आपल्या हौसेवर नाही. त्यामुळे घडी घालणंही शिवणाइतकंच लक्ष देऊन शिकावं असं माझं मत आहे, आणि शिकायला कापड सुद्धा लागत नाही, वर्तमानपत्राचा चौकोन कापा आणि सुरू करा.

कंगोऱ्यांचं गणित अगदी सोपं आहे. परदेशातल्या क्विल्टवाल्या बायका यालाच प्रेरी पॉइंट्स म्हणतात. ४ इंचाचा चौकोन घ्या, टोकाला टोक लावून तिरपा दुमडा, परत एकदा तसाच दुमडा, की खाली ४ इंच पाया आणि २ इंच उंची असलेला त्रिकोण मिळतो. पाव इंच शिवणीत गेलं की बाहेर दिसणारा कंगोरा पावणेदोन इंच उंच आणि पायाशी साडेतीन इंच रुंद. म्हणजे तयार दुपट्याची बाजू ३५ इंच धरली आणि कंगोरे एकमेकांना जेमतेम टेकतील असे लावले तर एका बाजूला १०, चारही बाजूंना ४०. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात एका पट्टीत असे ११ चौकोन बसतात, त्यामुळे ४० चौकोन अर्ध्या मीटरच्या आतच निघतात. पण नवीन कापड घेऊ नकाच, कंगोरे हे चिंध्यांचंच काम आहे, प्रत्येक कंगोरा वेगळ्या रंगाचा असला तर जास्त छान दिसतो.

या त्रिकोणाची एक बाजू बंद असते आणि एक उघडी. उघड्या बाजूत पुढच्या कंगोऱ्याचं टोक सारायचं, त्याच्या उघड्या बाजूत त्याच्या पुढच्याचं, अशी माळ करत गेलात की जवळ जवळ घ्यायचे का लांब लांब हे तुमच्या हातात राहतं, आणि कुठल्याही लांबीच्या बाजूला ते बसवता येतात, शेवटी अर्धा कंगोरा उरत नाही. दुसरी पद्धत म्हणजे चौकोन आधी मधोमध सरळ दुमडायचा आणि मग दोन्ही कोपरे खाली मध्यावर आणायचे. त्यात मधे एक उभी फट दिसते. ही फट ज्यांना आवडते त्यांनी तसे करावेत, मला मात्र पहिलेच आवडतात, कारण एकात एक सारता येतात.

लावायचे कसे, तर गोधडीच्या सुलट बाजूवर, टोकं आतल्या बाजूला करून, कच्च्या कडा जुळवून टाचून घ्यायचे, पाव इंचावर मशीन मारायची, मग टोकं बाहेर उलटायची आणि मागचं अस्तर आत दुमडून हाताने तुरपाई करायची. यासाठी अस्तर मोकळं असावं लागतं. म्हणजे धावदोरा घालताना कडेपासून साधारण एक इंच आधी थांबायचं. आपल्याकडे गोधडी कडेपासून कडेपर्यंत भरून काढायची सवय असते, तर कंगोरे लावायचे का नाही हे पहिला टाका घालायच्या आधी ठरवा. आणि कोपऱ्यावर दोन कंगोरे एकमेकांवर चढवू नका, शेजारी शेजारी टेकवा. उलटल्यावर ते आपोआप फाकतात आणि कोपरा स्वच्छ दिसतो.

आता कापड. यावर मी जरा हट्टी आहे. घडी घालायची तर सुती कापड, दुसरं काही नाही. पॉलिएस्टरची साडी कितीही सुंदर असली तरी तिला इस्त्रीची दुमड धरवत नाही, शिवेपर्यंत ती उघडते. पुण्यात आपलं नशीब असं की प्रत्येक पेठेत एखादं मॅचिंग सेंटर असतंच आणि तिथे ब्लाऊजसाठी जे टू बाय टू मिळतं ते या कामाला फार छान, पातळ असतं, दुमड पक्की बसते आणि चार पदर झाले तरी सुई अडत नाही. रंग तर विचारूच नका, एका आमसुली रंगाच्या पाच छटा काढून ठेवतात समोर. मांजरपाट आणि पॉपलिन घ्यायला मी रविवार पेठेत कापडगंजात जाते, सुया-दोरे-टाचण्या तुळशीबागेत. मांजरपाट आणला की आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचा, तो आटतो, आणि घडीच्या कामात नंतर आटणारं कापड फार त्रास देतं कारण वरचा पदर आणि खालचा पदर वेगवेगळे ओढले जातात.

जुनी सुती नऊवारी मिळाली तर सोनंच. वर्षानुवर्षं धुऊन इतकी मऊ झालेली असते की ती नुसती दुमडली तर लोळते, तेव्हा तिला साबुदाण्याची पातळ खळ करून लावायची, थोडी ओलसर असतानाच इस्त्री करायची, मग कापायची. माझी मावशी म्हणते, "अगं, खळ नको म्हणणाऱ्यांनी लोकर विणावी," आणि तिचे कंगोरे बघितले की पटतं. खण पण वापरता येतो पण जपून. तो जाड पडतो, चार पदरांचे दोन कंगोरे एकात एक गेले की आठ पदर होतात. म्हणून खणाचे कंगोरे लांब लांब लावते आणि मशीनला १६ नंबरची सुई घालते. तसाही खण आणि त्रिकोणी घडी हे नातं जुनंच आहे, ओटीतला खण आपण त्रिकोणी घडीतच बघत आलोय.

माझा सगळ्यात लाडका प्रकार मात्र कॅथेड्रल विंडो. चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांसारखं दिसतं म्हणून हे नाव. यात साडेआठ इंचाचा साधा एकरंगी चौकोन घ्यायचा, चारही कडा पाव पाव इंच आत दुमडून इस्त्री करायची, की उरला ८ इंचाचा. चारही कोपरे मध्यावर आणायचे, इस्त्री. नवीन झालेले चार कोपरे परत मध्यावर आणायचे, परत इस्त्री, आणि मध्ये सगळे पदर धरून एक घट्ट टाका. दोन घड्यांत ८ इंचाचे बरोबर ४ इंच होतात. असे दोन ठोकळे बारीक तिरप्या टाक्यांनी शेजारी शेजारी जोडले की मधे टोकावर उभा असलेला एक चौकोन दिसतो, त्याच्यावर अडीच इंचाचा रंगीत तुकडा ठेवायचा आणि चारही बाजूंची दुमड त्या तुकड्यावर ओढून तुरपाई करायची.

आणि इथे ती गंमत होते. सरळ असलेली दुमड ओढली की कमानीसारखी वळते, चौकोनाच्या पाकळ्या होतात. मला बरेच दिवस वाटायचं की हे हाताच्या कौशल्याने होतं, पण कारण कापडात आहे. पहिल्या घडीत आपण कोपरा मध्यावर आणतो तेव्हा ती दुमड धाग्याला तिरपी पडते, आणि तिरपं कापड ताणलं जातं हे ब्लाऊजच्या गळ्याला पायपिंग लावणाऱ्या प्रत्येकीला माहिती आहे. दुसऱ्या घडीनंतर मध्यापासून कोपऱ्याकडे ज्या कडा जातात त्या याच तिरप्या कडा. म्हणून त्या वळतात. आणि म्हणूनच सुरुवातीचा चौकोन धाग्यावर सरळ कापलेला पाहिजे, दोरा ओढून कापला तर उत्तम. तो जर वाकडा कापला गेला तर चार पाकळ्या चार तऱ्हेच्या होतात.

यात कापूस नाही, मधला थर नाही, वेगळा धावदोरा नाही, ती तुरपाईच सगळं धरून ठेवते. पण कापड खातं हे काम, प्रचंड. दोन घड्यांत क्षेत्रफळ चौपट कमी होतं ना. ६० बाय ६० इंचाची चादर करायची तर ४ इंचाचे २२५ ठोकळे लागतात, ४४ इंच पन्ह्यात साडेआठ इंचाचे ५ चौकोन बसतात, म्हणजे एकट्या पायाच्याच कापडाला साधारण १० मीटर, रंगीत तुकडे वेगळेच. शिवाय ते जड होतं, आणि पुण्याच्या पावसाळ्यात वाळणार कधी ते. त्यामुळे माझं प्रामाणिक मत असं की पलंगावर घालायला हे करू नका. उशीचा अभ्रा करा, देवघरातलं आसन करा, टेबलावरची पट्टी करा. लहान कामात त्या पाकळ्या जवळून बघितल्या जातात, हात फिरवला जातो, त्यातच त्यांचं सार्थक आहे.

गरम भांड्याखाली ठेवायला काही करायचं असेल तर समरसेट पॅच करा, यालाच फोल्डेड स्टार पण म्हणतात. मांजरपाटाच्या चौकोनावर पेन्सिलने उभी, आडवी आणि दोन तिरप्या रेघा मारायच्या. अडीच बाय दीड इंचाचे तुकडे घेऊन लांब कड पाव इंच दुमडायची आणि दोन्ही कोपरे खाली आणून त्रिकोण करायचा. पहिल्या फेरीत ४ त्रिकोण, चौघांची टोकं बरोबर मध्यावर. दुसऱ्या फेरीत ८, मध्यापासून अर्धा इंच लांब. मग परत ८, अजून अर्धा इंच लांब, प्रत्येक फेरीला रंग बदलत जायचा. प्रत्येक टोकाला एक छोटा टाका आणि खालच्या कडेला धावदोरा. पदरांवर पदर चढत जातात त्यामुळे ही चांदणी चांगलीच जाड होते, आणि आत जुन्या टॉवेलचा तुकडा घातला की पातेलं खुशाल ठेवा. फक्त सगळं कापड सुतीच, उष्णतेने पॉलिएस्टर वितळतं.

मशीनवर झटपट हवं असेल त्यांच्यासाठी दुमडलेले फ्लाइंग गीज, म्हणजे मधे एक मोठा त्रिकोण असलेले आयताकृती ठोकळे. अडीच इंचाचे दोन चौकोन आणि अडीच बाय साडेचार इंचाचा एक आयत. आयत सुलट बाहेर ठेवून निम्मा दुमडायचा, दोन चौकोनांच्या मधे ठेवायचा, खालच्या आणि बाजूच्या कडा जुळवायच्या, वर दुमड पाव इंच खाली राहते. एका बाजूने एकच शिवण. उघडलं की मधला आयत फाकवून त्याचे कोपरे खाली दोन्हीकडे नेले की त्रिकोण तयार, तिरपं कापायचं नाही, तिरपं शिवायचं नाही, आणि त्रिकोण वरून सुटा असल्यामुळे त्यात छोटासा खिसा होतो. लहान मुलं त्यात बोटं घालून बसतात.

आता ज्याच्यामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं त्याबद्दल. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. मूळ आफ्रिकेतून आलेला हा समाज. त्यांची कवंदी आपल्या गोधडीची बहीणच म्हणा, खाली साडीचं अस्तर, वर जुन्या कपड्यांचे तुकडे, धावदोरा. पण त्या वरचा भाग आधी जोडून घेत नाहीत. एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात, कडेकडेने तुकडे लावत जातात आणि गोल गोल फिरत आत मध्यापर्यंत पोचतात, प्रत्येक तुकड्याची कड दुमडायची आणि त्याच टाक्यात तो अस्तरावर धरायचा. जोडणं आणि भरणं एकाच वेळी होतं. आणि चारही कोपऱ्यांना कापडाची दुमडलेली फुलं लावतात, फुला म्हणतात त्याला. फुला नसेल तर कवंदी उघडी राहिली असं तिथे मानतात. रोजच्या अंथरुणा-पांघरुणाच्या कोपऱ्यावर कुणीतरी वेळ काढून, चिंधी दुमडून फूल लावतं, आणि त्याशिवाय ते काम पुरं मानत नाही, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

म्हणून पुढची गोधडी कडेकडूनच शिवायची ठरवलीये. अस्तराला आजीची डाळिंबी नऊवारी आहे, तुकडे आईच्या ब्लाऊजांच्या कापडांचे, टू बाय टू, सगळे खळ लावून इस्त्री करून ठेवलेत. कोपऱ्यांना एकात एक सारलेले तीन तीन कंगोरे, ४ इंचाचा, ३ इंचाचा आणि २ इंचाचा, तिन्ही वेगळ्या रंगांचे. कागदावर करून बघितले, मस्त बसतात. कापडाचे झाले की सुईचा नंबर, लागलेला दोरा आणि कोपऱ्याचे फोटो इथे टाकते.