ज्वालामुखी करायचाय? मग किल्ल्याची माती बाहेर काढा

शाळेत विज्ञान प्रदर्शन जाहीर झालं की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न हाच, ज्वालामुखी कसा करायचा, आणि लगेच कोणीतरी रेडीमेड किटची लिंक टाकतं. अहो नका घेऊ ते! दिवाळीत किल्ला करता ना, सगळं तेच तर आहे. मधोमध प्लास्टिकची बाटली उभी करायची, भोवती दगड-विटा रचायच्या, त्यावर गोणपाट चिखलात बुडवून अंथरायचं आणि वरून हाताने माती थापायची. वाळताना तडे जातात, जाऊ देत, उलट भारी दिसतं.

आता आतला मसाला. तीनेक चमचे खाण्याचा सोडा, थोडं साधं पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब आणि शेवटी अर्धी वाटी व्हिनेगर. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळलेलं असतं त्यामुळे तेवढी मजा येत नाही. लिक्विड कशाला, तर सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि नुसताच फसफसून उडून जातो, साबण त्याला बुडबुड्यांत अडकवतो म्हणून फेस कडेने सावकाश ओघळतो. रंग खायचाच वापरा. देवघरातलं कुंकू हळद-चुन्याचं अस्सल असेल तर व्हिनेगर पडल्यावर पिवळं होतं (तो प्रयोग वेगळा करून बघा, झकास आहे).

आमच्या लेकीने फेसात बोट घातलं आणि ओरडली, "बाबा, लाव्हा गार आहे!" बरोबरच आहे, ही क्रिया उष्णता शोषून घेते. खरा बेसाल्टचा (म्हणजे आपल्याकडच्या काळ्या कातळाचा) लाव्हा 1100-1200 अंश सेल्सिअसचा असतो. मग मॉडेलमध्ये खरं काय, तर वायू. जमिनीखालच्या शिलारसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड वगैरे विरघळलेलं असतं, वर येताना दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात आणि ते शिलारसाला वर ढकलतात. परीक्षकांनी विचारलं तर पोरांना एवढं सांगता यायला हवं.

माझी खरी तक्रार आहे ती त्या टोकदार डोंगराबद्दल. आपण राहतो लाव्ह्यावर आणि मॉडेल करतो जपानच्या फुजीचं! साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे, दख्खनच्या पठारावर, जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा पसरत गेला, थरावर थर, आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर तो कातळ आहे. घाटातून जाताना डोंगराला आडव्या पायऱ्या दिसतात ना, ते हेच थर. वेरूळ-अजिंठ्याची लेणी यातच कोरलीत. लोणार मात्र यात धरू नका, खडक तोच असला तरी तो खड्डा उल्केच्या आघाताचा आहे, बरेच जण तिथे चुकतात.

तर यंदा भेगेचा ज्वालामुखी करा की. बाटली आडवी ठेवायची, वरच्या बाजूला लांब चीर पाडायची (कटर मोठ्यांनीच हातात घ्या), चीर उघडी ठेवून भोवती माती सपाट थापायची आणि आत सोडा सगळीकडे सारखा भुरभुरायचा. व्हिनेगर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत ओतत जा, एकाच जागी ओतलं तर फेस तेवढ्या कोपऱ्यातूनच येतो.