गाडी एअर घेतेय

माझी गाडी २०११ सालची आहे. पुण्यात नोंदवलेली, चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी आणि आतापर्यंत १,१८,००० किलोमीटर धावलेली. पंधरा वर्षे पूर्ण होत आल्यामुळे आरसीचे नूतनीकरण, त्यासाठीची फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर ही सगळी कामे समोर दिसत असतानाच तिने सिग्नलला थरथरायला सुरुवात केली. न्यूट्रलमध्ये ७५० च्या आसपास स्थिर राहणारा आरपीएमचा काटा ५०० पर्यंत घसरे, मग एकदम ९०० वर जाई, आणि एसी लावलेला असेल तर गाडी आता बंद पडणार असे वाटे. चौथ्या दिवशी डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. त्यानंतर काटा खाली गेला की बॅटरीचा लाल दिवाही क्षणभर लुकलुकू लागला.

पिवळा आणि लाल यांत फरक करणे आवश्यक आहे. तेलाच्या दाबाचा किंवा इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन त्याच क्षणी बंद करावे. पुढच्या पंपापर्यंत जाऊ, असा विचारही करू नये. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर बेताने घरी पोहोचता येते, परंतु तोच दिवा उघडझाप करत असेल तर सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल सायलेन्सरकडे जात असते आणि त्याने धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होऊ शकतो. त्याची किंमत ऐकल्यावर इतर सर्व दुरुस्त्या स्वस्त वाटतात. माझा दिवा स्थिर होता, म्हणून मी गाडी चालवत गॅरेजला नेली.

पहिल्या गॅरेजमध्ये ‘गाडी मिसिंग करतेय’, म्हणजे सिलिंडरमधला स्फोट मधूनच चुकतोय, असे निदान झाले. चारही स्पार्क प्लग बदलण्यात आले, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल या झडपेचा भाग) साफ करण्यात आली आणि बॅटरीची तार काही मिनिटे काढून ठेवून दिवा घालवण्यात आला. दोन दिवस गाडी खरोखरच बरी चालली आणि तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या गॅरेजमध्ये सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूतला प्राणवायू तपासणारा ऑक्सिजन सेन्सर गेल्याचे सांगण्यात आले, आणि लुकलुकणाऱ्या लाल दिव्याबद्दल विचारल्यावर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचेही नाव निघाले. दोन्ही मिळून खर्चाचा जो आकडा निघाला, तो ऐकून मी गाडी घरी आणली आणि गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारे, नऊशे रुपयांचे ब्लूटूथवर चालणारे ओबीडी स्कॅनर मागवले.

स्कॅनर या गाडीला चालेल, याची खात्री होती. वाहनांच्या प्रदूषणाचे बीएस-४ निकष १ एप्रिल २०१० रोजी तेरा शहरांत लागू झाले, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर सोलापूरही होते, आणि त्या निकषांबरोबरच चारचाकींत ओबीडीची, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवण्याच्या यंत्रणेची, सक्ती आली. स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये यंत्र लावल्यावर मोबाईलवर दोन कोड दिसले: पी ०१७१ आणि पी ०३००. पहिल्याचा अर्थ, मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे; दुसऱ्याचा अर्थ, कोणत्याही एका ठरावीक सिलिंडरमध्ये नव्हे, तर कधी या, कधी त्या सिलिंडरमध्ये स्फोट चुकतो आहे.

दुसऱ्या गॅरेजचा घोटाळा माझ्या मते इथेच झाला. पी ०१७१ हा कोड ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून लागतो, म्हणून सेन्सरच बदलायचा, हे तापमापी १०२ दाखवते म्हणून तापमापी बदलण्यासारखे आहे. सेन्सर आपले काम चोख करत होता; तो ज्याची तक्रार करत होता ते कारण शोधायचे बाकी होते.

त्यासाठी कोडपेक्षा फ्युएल ट्रिमचे आकडे अधिक उपयोगी पडले. सायलेन्सरमधल्या वायूत प्राणवायू जास्त उरला आहे असे सेन्सरने कळवले की इंजिनाचा संगणक पेट्रोल वाढवतो, कमी उरला तर घटवतो, आणि ही दुरुस्ती वारंवार एकाच दिशेने करावी लागली तर ती लक्षात ठेवून टक्क्यांत साठवतो. हा साठवलेला आकडा शून्याच्या जवळ असावा. पाच-सात टक्के इकडे-तिकडे चालतात. माझ्या गाडीत तो न्यूट्रलमध्ये अधिक २३ होता. हलकी रेस देऊन काटा २,५०० वर धरला, तेव्हा तोच अधिक ७ वर आला.

सगळी मेख या दोन आकड्यांच्या अंतरात होती. पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर कमजोर असता, तर रेस वाढवल्यावर तूट वाढली असती, कारण तेव्हा पेट्रोल जास्त लागते. इथे उलट घडत होते. माझ्या गाडीत एअर फिल्टरच्या पुढे आत येणारी हवा मोजणारा सेन्सर आहे; त्याच्यापुढे कुठे चीर असेल तर तिथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. न्यूट्रलमध्ये थ्रॉटल जवळपास बंद असल्याने मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) ओढ जास्त आणि एकूण हवा थोडी, म्हणून चोरवाटेने आलेल्या हवेचा वाटा मोठा ठरतो. थ्रॉटल उघडला की तो नगण्य होतो. जुने मेस्त्री याला दोन शब्दांत ‘एअर घेतेय’ म्हणतात. ज्या गाड्यांत हवा न मोजता मॅनिफोल्डमधला दाब मोजतात, त्यांत मात्र अशा गळतीने ट्रिम फारसा न बिघडता आयडलिंगच, म्हणजे न्यूट्रलमधला आरपीएम, वर चढू शकते, त्यामुळे हा ताळा प्रत्येक गाडीला जसाच्या तसा लावू नये.

दिव्याचे तिसऱ्या दिवशी परत येणेही आता उमगले. बॅटरीची तार काढल्यावर साठवलेला ट्रिम पुसला गेला होता. संगणकाने तो नव्याने शिकून, बिघाड लागोपाठच्या फेऱ्यांत पक्का करून मगच दिवा लावला.

चीर शोधण्यासाठी उदबत्तीचा धूर कुठे ओढला जातो ते पाहावे, असा सल्ला शेजारच्या काकांनी दिला. पेट्रोल इंजिनाजवळ निखारा नेण्याची माझी तयारी नव्हती, आणि त्याच कारणाने गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारण्याचीही नव्हती. मी झाडांवर पाणी फवारण्याची बाटली घेतली आणि कॉइल व वायरिंग टाळून एकेका होज पाईपवर बारीक फवारा मारत गेलो. पहिला संशय उंदरांवर होता, कारण आदल्या पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांनी एक वायर कुरतडली होती. या वेळी ते निर्दोष निघाले. इंजिनातली तेलकट वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणाऱ्या होजच्या काटकोनी वळणाखाली फवारा पडताच सुरसुर आवाज आला आणि काटा हलला. वळण आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला होजचा भाग कापड गुंडाळलेल्या पक्कडीने दाबला, तेव्हा तीन आठवड्यांची थरथर एका सेकंदात थांबली.

काढून पाहिल्यावर ते रबर चौदा वर्षांच्या तेलाने आणि उष्णतेने मऊ, चिकट झालेले दिसले. खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी चीर होती, जी वरून पाहणाऱ्याला कधीच दिसली नसती. नवा होज दोनशे चाळीस रुपयांना मिळाला, दोन क्लिपा वेगळ्या. बॅटरीचा दिवाही गेला: काटा ५०० वर घसरला की अल्टरनेटर पुरेसा फिरत नव्हता, एवढेच त्याचे म्हणणे होते. मल्टिमीटरने मोजल्यावर चालू इंजिनावर १४.१ व्होल्ट भरले, म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत आहे.

ट्रिम आता अधिक ५ वर थांबला आहे आणि तिथून खाली येत नाही. याचा काही भाग इथेनॉलचा असावा. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. त्यामुळे वीस टक्के इथेनॉल असलेले इंधन भरल्यावर तेवढ्याच हवेसाठी संगणकाला ते थोडे जास्त सोडावे लागते, आणि २०११ च्या गाडीला ते कोणी आधी शिकवलेले नाही.

कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही पुसल्या जातात आणि त्या पूर्ण व्हायला वेगवेगळ्या वेगांनी काही फेऱ्या व्हाव्या लागतात, म्हणून गेल्या रविवारी खंबाटकी घाट ओलांडून साताऱ्याला जाऊन आलो. दिवा लागला नाही. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर पाच-सहा सेकंद गाडी अजूनही किंचित कुरकुरते; ते प्रकरण फिटनेस झाल्यावर उघडणार आहे.