बोजाऱ्याचं आइस्क्रीम

तान्हा पोळा झाला की वरुडाकडच्या आमच्या गावातली पोट्टी दिवाळीच्या सुट्ट्या कधी लागतात ते मोजायला लागतात, अन् ते फटाक्यांसाठी नाही, नागपूरच्या ट्रिपसाठी. विदर्भाबाहेरच्यांना नेहमी सांगावं लागतं म्हणून सांगून टाकतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान मुलांचा पोळा असतो, सकाळी "ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत" म्हणत मारबत गावाबाहेर काढायची अन् संध्याकाळी लाकडाचे नंदी सजवून पोट्टी देवळासमोर ओळीत उभी. नागपूरच्या भोसल्यांपासून चालत आलेली पद्धत आहे. सिंदी रेल्वेला म्हणे केवढे मोठमोठे नंदी काढतात, आमच्याकडे आपला हातभर नंदी, खाली चाकं, शिंगांना बेगड, पाठीवर आजीच्या जुन्या लुगड्याची झूल. मग घरोघर फिरून बोजारा मागायचा. कोणी दोन रुपये देते, कोणी पाच, अन् पुण्याला नोकरीवर असलेलं कोणी सणाला आलं असलं की त्याच्या दारात सगळ्यात मोठी गर्दी, कारण तिथं नोट निघते.

आधी मंडळ नंदी सजावटीची बक्षिसं द्यायचं. स्टीलचा डब्बा, कंपास, वॉटरबॅग. पण बक्षीस दरवर्षी त्याच दोन-तीन घरात जायचं, ज्याच्या बापाला सुतारकाम येते त्याचा नंदी चांगला असणारच ना, अन् मग आयांची भांडणं विहिरीपासून सुरू व्हायची ती गणपती बसेपर्यंत. शेवटी शाळेतल्या गुरुजींनी मीटिंगमध्ये तोडगा काढला, बक्षीस बंद, पोरांनी अर्धा बोजारा मंडळाच्या गल्ल्यात टाकायचा, तेवढेच पैसे मंडळानं गणपतीच्या वर्गणीतून घालायचे अन् दिवाळीनंतर सगळ्यांना नागपूरला नेऊन आइस्क्रीम खाऊ घालायचं. नंदी उसना असो, मातीचा असो, पोळ्यात उभा राहिला तो ट्रिपला येणार. अध्यक्ष काकाजी म्हणाले, "आइस्क्रीमसाठी नागपूर कायले, वरुडात भेटत नाही का?" गुरुजी म्हणाले, "भेटते, पण वरुडात त्यायले सगळे ओळखतात. दुकानदार म्हणन, अमक्याचा पोट्टा ना बे तू, घे हे. अनोळखी जागी तोंड उघडून मागता आलं पायजे."

इथून तो नियम आला, ऑर्डर ज्याची त्यानं द्यायची. मोठ्यांनी मधे बोलायचं नाही. पैसे पोराच्या हातात, बोर्ड त्यानंच वाचायचा, हिशोब त्यानंच करायचा, उरलेले पैसे परत आणून द्यायचे. दुसरा नियम अध्यक्षांनी लावला, मंडळाचा पैसा फक्त गोडासाठी, तिखटमिठाचं ज्यानं त्यानं घरच्या पैशानं खावं. पहिला नियम सगळ्यांनी पाळला, दुसऱ्यावर आजपर्यंत भांडण आहे.

वरूड आगारात प्रासंगिक कराराचा, म्हणजे एसटी भाड्यानं घ्यायचा, अर्ज टाकायचा, लाल डब्बा सकाळी सहाला देवळाजवळ लागायचा अन् पाच वाजल्यापासून पोट्टी स्वेटर-टोप्या घालून तयार. ज्याला घरी उठवायला तीन हाका लागतात तोही. आमच्याकडे त्या दिवसांत संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी चालू असते, म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बगिचे, झाडाखाली ढीग, क्रेट भरणं चालू, अन् ज्याचा बगिचा दिसला तो पोरगा खिडकीतून ओरडणार, "थो पाय, आमचा!" जलालखेडा गेलं की उलट्या सुरू. त्यासाठी एक काकू पुढच्या सीटवर लिंबाच्या फोडी अन् प्लास्टिकच्या थैल्या घेऊन बसलेल्या असायच्या, त्यांनी कित्येक वर्षं ती ड्युटी केली अन् नागपूर काही धड पाहिलं नाही. काटोलला चहा-पोहे, मग कळमेश्वर, अन् मग काटोल नाक्यावरून शहर सुरू. गिट्टीखदान आलं की गुरुजी ड्रायव्हरच्या मागं उभे राहून दरवर्षी तेच सांगायचे, पोट्टेहो, दिनशॉ इथंच सुरू झालं, १९३२ साली, दोन पारशी भावांनी दुधाची डेअरी काढली होती, आइस्क्रीम नंतर आलं. मागच्या बाकावरून एकजण हमखास विचारायचा, "सर, मंग इथंच उतरू ना."

पण आधी ज्ञान अन् मग आइस्क्रीम असा क्रम होता. अजब बंगला, म्हणजे ते १८६३ चं म्युझियम, तिथं पेंढा भरलेले प्राणी पाहायचे, मग महाराजबागेत जिवंत. रमण विज्ञान केंद्र १९९२ ला झालं, तिथं पोरं खरंच रमायची, वाकड्यातिकड्या आरशांपुढून हलत नव्हती. दीक्षाभूमीवर मात्र कोणाला गप्प बसा म्हणावं लागलं नाही, आमच्या गावातल्या कितीतरी घरांतली म्हातारी माणसं १९५६ च्या ऑक्टोबरात तिथं होती, ते पोरांना घरूनच माहीत. झिरो माइलचे घोडे बसमधूनच दाखवायचे. या सगळ्यात दोन वाजायचे अन् पोरांचा धीर संपायचा.

मग हल्दीराम. आता नागपूरच्या माणसाला हल्दीरामचं काय कौतुक, तो तिथं उठून-बसून जातो, पण गावातल्या पोरानं काचेचा दरवाजा ढकलला अन् आतल्या एसीची हवा तोंडावर आली की त्याचा आवाजच जातो. एवढी गोंगाट करणारी पोट्टी, आत गेल्यावर एकदम कुजबुज. काचेमागं मिठायांचे ढीग, चांदीचा वर्ख, तिकडं चाटचा काउंटर, इकडं आइस्क्रीमचा, अन् वर तो बोर्ड. तिथं आधी कॅशवर पैसे देऊन कूपन घ्यावं लागते, मग ते कूपन घेऊन त्या-त्या काउंटरवर जायचं. ही गोष्ट पोरांना बसमध्येच दहादा समजावून सांगितलेली असायची, तरी निम्मी पोरं सरळ आइस्क्रीमवाल्यापुढं जाऊन नोट धरायची.

सातवीतली एक पोरगी मला चांगली आठवते. वर्गात पहिली यायची, पण बोलायची इतकं हळू की बाईंना कान न्यावा लागे. तिचा नंबर आला, कॅशवरचा माणूस म्हणाला, "हां बेटा, बोलो." ती काही बोलली, त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा बोलली, पुन्हा नाही. मागं रांग वाढली, एक साहेब घड्याळ पाहायला लागले. मी दोन पावलं पुढं गेलो तर गुरुजींनी मागून माझा शर्ट धरला. पोरीनं टाचा उंचावल्या, दोन्ही हात काउंटरवर ठेवले अन् एवढ्या जोरात ओरडली, "एक फालुदा, अन् त्यात आइस्क्रीम जास्तीचं!" की सगळं हॉटेल वळून पाहायला लागलं. कॅशवाल्यानं हसत कूपन फाडून दिलं. नंतर टेबलावर तो उंच ग्लास आला, तिनं लांब चमच्यानं ढवळून वर काढलं अन् एकदम नाराज, "ह्या तं शेवया व्हय. शेवया तं माही आजी पाटावर करते." पण खाल्ल्या सगळ्या. ग्लासाच्या तळाशी राहिलेला सब्जा चमच्याला येईना तर बोटानं.

एका वर्षी एक बगायतदाराचा पोरगा, पाचवी-सहावीतला असेल, आइस्क्रीमकडं ढुंकून पाहीना. मिठाईच्या काचेपुढं उभा राहून संत्रा बर्फीच्या डब्ब्यावरचा भाव वाचत होता. त्या साली त्याच्या बापानं बगिचा हुंड्यानं, म्हणजे झाडावरचा माल उक्ता, दिला होता, व्यापाऱ्यानं फुलोऱ्यावरच भाव पाडून घेतलेला, घरात त्याच गोष्टी चालायच्या. पोरानं बोटांवर काहीतरी हिशोब केला अन् मला म्हणाला, "काका, यात किती संत्रे लागत असतीन? दोनक? मंग आमच्या एका झाडात हे दुकान येऊन जाते." नागपुरी संत्र्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं २०१४ ला, वर्तमानपत्रात मोठमोठ्या बातम्या आल्या, बगिच्यात उभं राहणाऱ्याला त्यातलं काय मिळालं हे त्या पोरालाच विचारावं. त्यानं बर्फीचा सगळ्यात लहान डब्बा घेतला, बसमध्ये सगळ्यांना एकेक तुकडा दिला अन् वर टीका, "साखर जास्त झाली."

अन् नोटाबंदी! २०१६ ची. ट्रिप त्याच आठवड्यात ठरलेली, गावात मोठ्या माणसांकडं पाचशेच्या नोटा अन् त्या कोणी घेईना, बँकेपुढं चपलांच्या रांगा. ट्रिप रद्दच म्हणून अध्यक्षांनी सांगितलं, तर कोषाध्यक्षाला आठवलं की गल्ल्यात तर सगळा बोजारा, दोन-पाच-दहाची चिल्लर अन् दहा-वीसच्या नोटा! त्या दिवशी गावात कोणाजवळ खर्चायला पैसा असेल तर तो पोट्ट्यांजवळ. बसचा ॲडव्हान्स आधीच भरलेला होता. हल्दीरामच्या कॅशवर पोरांनी मूठमूठ नाणी ओतली तर तो माणूस इतका खूश झाला की म्हणाला अजून असतील तर द्या. त्या ट्रिपला अध्यक्षांनी चहाचे पैसेसुद्धा पोरांकडून उसने घेतले, ते परत केले की नाही हा गावात अजून विषय आहे.

दुसऱ्या एका हॉटेलचा अनुभव बरा नव्हता, नाव नाही घेत. पोरांचे पाय धुळीचे पाहून तिथल्या माणसानं सांगितलं, बाहेरच थांबा, पार्सल देतो. काकू, त्याच लिंबाच्या फोडीवाल्या, पुढं झाल्या अन् म्हणाल्या, "भाऊ, आम्ही मागाले नाही आलो, इकत घ्याले आलो." अन् सगळी वरात घेऊन निघाल्या. तेवढ्या एका वर्षी त्यांनी उन्हात रस्त्यावरच्या गाडीवरची कुल्फी खाऊ घातली अन् पोरं म्हणे तीच सगळ्यात भारी होती.

पण ट्रिपचं खरं संमेलन रात्री गावात व्हायचं, ते कसं सुरू झालं ते राहिलंच. पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट, एका बारक्यानं आइस्क्रीम घेतलं अन् खाईना, म्हणे बांधून द्या, घरी लहान भाऊ आहे, तो तापानं पडला म्हणून आला नाही. आता आइस्क्रीम वरुडापर्यंत कसं बांधून नेणार, कप त्याच्या हातात वितळायला लागला, त्याला समजावता समजावता आम्हीच रडकुंडीला आलो. पुढच्या ट्रिपपासून थर्मोकोलचे मोठे डब्बे सोबत. निघताना दिनशॉचे ब्रिक घ्यायचे, खाली बर्फ, बर्फावर जाडं मीठ, वरून कुटाराचं पोतं, अन् ते सगळं शेवटच्या सीटखाली, अन् त्यावर राखणीला दोन दांडगे पोट्टे. रात्री नऊ-साडेनऊला बस आली की देवळाच्या ओट्यावर गाव गोळा. म्हातारे, तोडणीवरून आलेल्या बाया, पाळण्यातली लेकरं, सगळे आपापली वाटी घेऊन. कोणी गंज, म्हणजे पातेलंही आणायचं. काकू भाजीच्या सुरीनं ब्रिकचे काप करायच्या, मधला भाग धड निघायचा अन् कडेचं पाणी झालेलं, ते पळीनं वाढायचं. थंडीचे दिवस, अंगावर घोंगडी अन् हातात वितळलेलं बटरस्कॉच. एक आजी तर ते भाकरीसोबत खायची, बासुंदीसारखं. अन् पोट्टी ओट्यावर उभी राहून एकेक सांगायची, आरशात मी कसा दिसलो, वाघ कसा झोपला होता, कोण कॅशवर अडखळलं. कोजागिरीच्या दुधालाही आमच्याकडे एवढी माणसं जमत नाहीत.

मधे २०२० ला करोनात बंद, २०२१ ला एसटीचा संप, दोन वर्षं बोजारा नुसता गल्ल्यात पडून राहिला. आता गावातल्या किराणा दुकानात डीप फ्रीझर आहे, कोन-कप बाराही महिने मिळतात, पोरं मोबाइलवर दहा प्रकारचे संडे पाहून ठेवतात, त्यामुळे आइस्क्रीमचं अप्रूप गेलं असं सगळेच म्हणतात. मला तसं दिसत नाही. बोर्ड वाचायला आता त्यांना वेळ लागत नाही हे खरं, पण कॅशपुढं नंबर आला की घसा अजूनही तसाच कोरडा पडतो. ती फालुदावाली पोरगी आता वरुडात बँकेत आहे, मागच्या वर्षी रजा काढून बारक्यांसोबत आली, अन् एक पोरगा अडकला तर मदतीला धावायला लागली. गुरुजी रिटायर झालेत तरी ट्रिपला असतातच. त्यांनी तिची ओढणी धरली.

यंदाच्या मीटिंगमध्ये पोट्ट्यांनी दोन मागण्या ठेवल्या. एक, मेट्रोत बसवा. ती लगेच मंजूर. दुसरी, राज कचोरी गोडात धरा. यावर अर्धा तास वाद झाला. अध्यक्ष काकाजी आता ऐंशीला टेकले, नियम त्यांचाच, ते काही ऐकेनात. आठवीतली एक पोरगी उठली अन् म्हणाली, "आबाजी, तिच्यावर दही असते, गोड चटणी असते, डाळिंबाचे दाणे असतात. तिखट काय हाय त्यात, सांगा." आबाजींनी कोषाध्यक्षाकडं पाहिलं, कोषाध्यक्षानं गुरुजींकडं. मग म्हणाले, "बरं, धरा. पण भजे नाही धरणार."